स्वदेशी उद्योग, शासनाचा आधार आणि लोकमत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आनंदसोहळा साजरा होत असताना उद्योग आणि शासन यांच्या परस्परसंबंधांवर व्याख्यान व्हावे, हे वरवर पाहता काहीसे वेगळे वाटेल. परंतु समाजाने विश्वासाने दिलेल्या पैशाचा विनियोग कसा झाला, हा प्रश्न ज्या व्यासपीठावर दरवर्षी वार्षिक सभेत विचारला जातो, त्याच व्यासपीठावर तो राष्ट्राच्या संदर्भात विचारला जाणे सर्वथा उचित आहे.

देशात तयार होणाऱ्या मालाला शासनाने आधार द्यावा काय, असे विचारले तर बहुतेक नागरिक क्षणाचाही विलंब न लावता 'अवश्य द्यावा' असेच उत्तर देतील. तेच नागरिक सायंकाळी बाजारात जातात तेव्हा मात्र वस्तू कोठे तयार झाली यापेक्षा ती केवढ्याला पडते, याकडे त्यांचे लक्ष अधिक असते. ओठांवरचे लोकमत आणि पिशवीतले लोकमत असे हे दोन कौल आहेत. यांतील एकाला देशभक्ती व दुसऱ्याला स्वार्थ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. महिन्याच्या तुटपुंज्या प्राप्तीत घर चालवणाऱ्या गृहिणीने चार रुपये वाचवले, तर तिने देशद्रोह केला असे कोणीही म्हणणार नाही. म्हणूनच या दोन कौलांमधील अंतर कसे भरून काढावे, हा या विषयाचा खरा गाभा आहे.

स्वतःच्या खिशातून दिलेला कौल

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातसुताच्या स्वदेशी वस्त्रात गेले, तेव्हा गांधीजी अवघे सात वर्षांचे होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरवली आणि १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजमधील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात इंग्लंडचे खुल्या व्यापाराचे अर्थशास्त्र हिंदुस्थानच्या परिस्थितीला जसेच्या तसे लागू पडत नाही, अशी मांडणी केली. उद्योगांच्या उभारणीत शासनाने पुढाकार घेतला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

परंतु त्या काळचे शासन परके होते. १८९६ मध्ये त्याने विलायती कापडावर साडेतीन टक्के आयातकर ठेवला आणि त्याच वेळी देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के उत्पादनकर बसवला. मँचेस्टरच्या गिरणीमालकांना स्पर्धेची झळ लागू नये, हा त्यामागील उघड हेतू होता. या अन्यायाने महाराष्ट्रात विलायती कापडावरील बहिष्काराला चालना मिळाली. हा उत्पादनकर पुढे तब्बल तीस वर्षांनी, १९२६ मध्ये, रद्द झाला. शासन तटस्थ असते, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य आठवावा. करांची रचना नेहमीच कोणाच्या ना कोणाच्या बाजूने झुकलेली असते. प्रश्न ती कोणाच्या बाजूने झुकते एवढाच असतो.

शासनाचा आधार नसताना समाजाने काय केले, याचे उत्तर तळेगाव दाभाडे येथे मिळते. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा अशी कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. ज्याने पैसा दिला त्याला लाभांशाची आशा नव्हती. मात्र आपण काय दिले आणि कशासाठी दिले, हे त्याला पूर्ण ठाऊक होते. ओठांवरचा कौल आणि खिशातला कौल येथे एकच झाला होता. आयातकर किंवा अनुदान यांच्या मार्गाने जो आधार दिला जातो, त्यात नेमकी हीच गोष्ट हरवते. ग्राहक पैसे देतोच, पण ते वस्तूच्या किमतीत मिसळलेले असल्यामुळे आपण देणगीदार आहोत, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

राजाची मदत, शेतकऱ्याची परीक्षा

काही संस्थानिकांनी मात्र आपल्या अल्पशा साधनांतून उद्योगांना हात दिला. इचलकरंजीचे अधिपती नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये तेथे पहिला यंत्रमाग सुरू केला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा व कर्ज दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहू लागली.

किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची कथा या विषयात विशेष उद्बोधक आहे. लोखंडाने जमिनीला विषबाधा होते, अशी समजूत त्या काळी शेतकऱ्यांत रूढ होती. त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यासच सुमारे दोन वर्षे लागली. पुढे या नांगराचा महाराष्ट्रभर प्रसार झाला, तो कोणाच्या आज्ञेने झाला नाही. तो नांगर खोल नांगरट करतो, टिकतो आणि मोडला तर त्याचा फाळ मिळतो, हे शेतकऱ्याने आपल्या वावरात पाहिले. राजाच्या मदतीने कारखाना उभा राहिला. परंतु माल खपला तो गुणावर. शासनाच्या आधाराचे कार्य कोठे संपते आणि उद्योजकाचे कर्तव्य कोठे सुरू होते, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

संरक्षणाचे तीन निकष

पहिल्या महायुद्धानंतर सरकारला आपले धोरण बदलावे लागले. सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली १९२१-२२ मध्ये फिस्कल कमिशनने या प्रश्नाचा अभ्यास केला आणि संरक्षण मागणाऱ्या उद्योगासाठी तीन निकष घालून दिले. त्या उद्योगाला देशात कच्चा माल, मजूर, बाजारपेठ अशा नैसर्गिक अनुकूलता असाव्यात. संरक्षणावाचून त्याची वाढ होणे अशक्य वा फार मंद असावे. आणि कालांतराने संरक्षणावाचून जगाच्या स्पर्धेला तोंड देण्याची क्षमता त्याच्यात येणार असावी. स्वतः अध्यक्षांसह काही हिंदी सदस्यांना हे निकष फार कंजूषपणाचे वाटले व त्यांनी आपले भिन्न मत नोंदवले. त्यांची तक्रार रास्त होती, कारण निकष लावणारे सरकार परके होते. परंतु तिसऱ्या निकषातील विचार आजही जुना झालेला नाही. पांगुळगाडा मुलाला चालता यावे म्हणून असतो. मूल मिसरूड फुटेपर्यंत पांगुळगाड्यातच राहिले, तर दोष मुलाइतकाच तो देणाऱ्याचाही असतो.

या निकषांची पहिली मोठी कसोटी पोलादाच्या बाबतीत लागली. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या पोलाद कंपनीचे भांडवल हजारो हिंदी भागधारकांनी अवघ्या तीन आठवड्यांत उभे केले होते. युद्धानंतर परदेशी पोलादाच्या किमती कोसळल्या आणि ही कंपनी बुडण्याच्या बेतात आली. तेव्हा १९२४ मध्ये पोलाद उद्योग संरक्षण कायदा संमत झाला. त्याची मुदत केवळ तीन वर्षांची होती आणि मुदत संपण्यापूर्वी पुन्हा चौकशी व्हावयाची होती. त्या वादात देशी कारखाना जगला पाहिजे यावर बहुतेकांचे एकमत होते. परंतु वाढीव किंमत कोण देणार आणि कारखान्यातील कामगाराच्या वाट्याला काय येणार, हे प्रश्नही विचारले गेले. पुढे चौकशा झाल्या, दर कमी-अधिक झाले आणि १९४७ मध्ये हे संरक्षण संपले. जेथे मुदत होती, चौकशी होती आणि प्रश्न विचारणारे होते, तेथे पांगुळगाडा वेळेवर सुटला.

साखरेच्या बाबतीतही महत्त्वाचा धडा मिळाला. १९३२ च्या संरक्षण कायद्यापूर्वी देशात आधुनिक पद्धतीचे जेमतेम बत्तीस कारखाने होते. पाच वर्षांच्या आतच ती संख्या शंभराच्या पुढे गेली आणि जावाची साखर हिंदी बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. परंतु या भरभराटीत ऊस पिकवणाऱ्याचा वाटा किती, असा प्रश्न उपस्थित झाला आणि १९३४ च्या कायद्याने उसाचा किमान भाव ठरवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. कारखानदाराला दिलेला आधार आपोआप शेतकऱ्यापर्यंत झिरपत नाही, त्यासाठी स्वतंत्र अट घालावी लागते, हे तेव्हाच दिसून आले.

वालचंद हिराचंद : नाकारलेला आधार आणि भिंतीआडची वाढ

सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांचे जीवन म्हणजे शासनाने नाकारलेल्या आधाराचा इतिहासच होय. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून सिंदियाला समुद्रातून हुसकावण्याचा प्रयत्न केला. देशाच्या किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी, या मागणीला लोकमताचा पाठिंबा होता. तथापि सरकारने ती मान्य केली नाही. तरीही विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी केंद्राची कोनशिला १९४१ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली आणि तेथे बांधलेले 'जलउषा' हे जहाज १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. बंगळूरच्या विमान कारखान्याला मात्र १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाची भागीदारी लाभली. मोटारींसाठी त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली व कुर्ल्याला कारखाना उभारला. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले.

याच मोटार कारखान्याचा उत्तरार्ध तितक्याच गांभीर्याने पाहिला पाहिजे. स्वातंत्र्यानंतर शासन आपले झाले, परदेशी मोटारींची आयात रोखली गेली आणि १९५१ च्या कायद्याने कोणी काय व किती उत्पादन करावे, हे परवान्याने ठरू लागले. परवान्यापेक्षा अधिक उत्पादन करणे हाच गुन्हा ठरला. १९६० च्या दशकातील फियाटची रचना पुढे पद्मिनी या नावाने थोड्याफार फरकाने शतक संपेपर्यंत रस्त्यावर येत राहिली. मोटारीसाठी व स्कूटरसाठी पैसे भरून ग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहू लागला. मुलगा शाळेत असताना नोंदवलेली स्कूटर तो नोकरीला लागल्यावर हाती येई. १९८३ च्या अखेरीस मारुती बाजारात आली आणि काही वर्षांतच ग्राहकाने आपला कौल बदलला. पद्मिनी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या रूपाने उरली; २०२३ मध्ये ती अखेरची टॅक्सीही रस्त्यावरून गेली, तेव्हा मुंबईकरांना हळहळ वाटली.

त्या हळहळीत जिव्हाळा होता, परंतु त्याबरोबर एक प्रश्नही विचारला गेला पाहिजे. ज्या उद्योगाच्या संस्थापकाने आधार नसताना समुद्रावर झुंज दिली, तो उद्योग आधाराच्या भिंतीआड का खुंटला? याचे उत्तर कोणा एका व्यक्तीच्या चुकीत शोधू नये. त्या संरक्षणाला मुदत नव्हती, सुधारणेची अट नव्हती आणि ग्राहकाला दुसरा पर्याय नव्हता. लोकमताने स्वदेशीच्या प्रेमापोटी हे सर्व दीर्घकाळ सहन केले. १९९१ मध्ये परवाना पद्धती मोडली गेली, तेव्हा विरोधाचा मोठा आवाज उठला नाही, याचे कारण ग्राहकाचा संयम तोवर संपलेला होता.

ओठांवरचा बहिष्कार, पिशवीतला माल

त्यानंतरच्या तीन दशकांत लोकमत पुन्हा एकदा आधाराच्या बाजूने वळले आहे. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात भारतीय जवानांनी बलिदान केले, तेव्हा चिनी मालावर बहिष्काराची लाट देशभर उसळली. त्या भावनेच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु आकडे वेगळेच सांगतात. २०२३-२४ या वर्षात चीनमधून भारतात झालेली आयात शंभर अब्ज डॉलरांच्या पुढे गेली. ही आयात केवळ दिवाळीच्या माळांची व खेळण्यांची नव्हती. यंत्रे, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग आणि औषधांचे मूळ घटक यांचा तिच्यात मोठा वाटा होता. ग्राहकाने दुकानात देशी नाव वाचून घेतलेल्या वस्तूच्या पोटातही परदेशी भाग होता.

औषधांचे उदाहरण तर अंतर्मुख करणारे आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हा देशाला केवढा अभिमान वाटला होता! पुढे चीनमधून स्वस्त पेनिसिलिन-जी येऊ लागले, देशातील उत्पादन बंद पडले आणि ही विद्याच जणू विस्मरणात गेली. २०२४ मध्ये, शासनाच्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेच्या आधाराने, आंध्र प्रदेशात काकीनाडा येथे ते पुन्हा सुरू झाले. जे एकदा हाती होते ते पुन्हा मिळवण्यासाठी इतका काळ व इतका खर्च लागला. स्वस्ताईचीही किंमत असते. ती उशिरा व एकदम मोजावी लागते. मूलभूत औषधांसारख्या वस्तूंना आधार देण्याचे समर्थन या अनुभवावर उभे आहे.

२०२० पासून जाहीर झालेल्या या प्रोत्साहन योजनांची व्याप्ती चौदा क्षेत्रांपर्यंत वाढली आणि त्यांसाठी सुमारे १ लाख ९७ हजार कोटी रुपयांची तरतूद ठरली. प्रथम उत्पादन व वाढीव विक्री, नंतर ठरावीक वर्षांपुरते प्रोत्साहन, ही त्यांची सर्वसाधारण रचना जुन्या परवाना पद्धतीपेक्षा निश्चितच शहाणपणाची आहे. मोबाईल फोनच्या बाबतीत तिचे फळ दिसले. जो देश फोन आयात करत होता, तो निर्यात करू लागला. मात्र सुटे भाग बाहेरून आणून येथे केवळ जुळणी होत असेल, तर देशात खरे मूल्य किती निर्माण झाले, ही अर्थतज्ज्ञांची शंकाही रास्त होती. २०२५ मध्ये सुट्या भागांच्या निर्मितीसाठी स्वतंत्र योजना आणावी लागली, हे त्या शंकेला मिळालेले उत्तर म्हणता येईल. २०१४ मध्ये 'मेक इन इंडिया'ची घोषणा झाली, तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नातील कारखानदारीचा वाटा २०२२ पर्यंत पंचवीस टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट होते. ती मुदत उलटली तेव्हा हा वाटा सतरा टक्क्यांच्या आसपासच होता. निराश होण्यासाठी हा आकडा सांगितलेला नाही. घोषणेचे स्वागत करणाऱ्या लोकमताने मुदतीचा दिवसही लक्षात ठेवावा, एवढाच त्याचा अर्थ आहे.

कोणते स्वदेशी?

आणखी एक अडचण आहे, आणि तिचा उच्चार सभांमधून क्वचितच होतो. एका देशी उत्पादकाचा पक्का माल हाच दुसऱ्या देशी उत्पादकाचा कच्चा माल असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये कापसाच्या आयातीवर कर आला, तेव्हा कापूस उत्पादकाला दिलासा वाटला व सूतगिरण्यांना अडचण. ऑगस्ट २०२५ मध्ये तो कर काही महिन्यांसाठी उठवला गेला, तेव्हा गिरण्यांना दिलासा मिळाला आणि विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादक आपल्या भावाच्या काळजीत पडला. सुतावर कर बसवला तर गिरणी सुखावते आणि इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील यंत्रमागधारक अडचणीत येतो. शेतकरीही स्वदेशी, गिरणीही स्वदेशी, यंत्रमागधारकही स्वदेशीच. मग केवळ 'स्वदेशीला आधार द्या' एवढे म्हटल्याने निर्णय होत नाही. तो कोणाला, कोणाच्या खर्चाने, हे सांगावे लागते. ज्याची संघटना मोठी, ज्याचे कार्यालय राजधानीत, त्याचा आवाज शासनापर्यंत लवकर पोहोचतो. ज्याच्याकडे चार माग आहेत त्याचा पोहोचत नाही. लोकमताचे खरे काम या दुसऱ्या आवाजाला वाट करून देण्याचे आहे.

विश्वस्ताचा हिशेब

महात्मा गांधींनी संपत्तीच्या संदर्भात विश्वस्त ही कल्पना मांडली. शासनाकडून आधार घेणाऱ्या उद्योगाला ती तंतोतंत लागू पडते. करसवलत असो, अनुदान असो वा आयातकराची भिंत असो, तो पैसा कोठून तरी येतो. आणि तो अखेर करदात्याचा किंवा ग्राहकाचा असतो. तो घेणारा उद्योजक त्या अंशापुरता समाजाचा विश्वस्त होतो. विश्वस्ताचा गौरव होतो, तो त्याच्याकडे निधी आहे म्हणून नव्हे. त्याने तो कसा वापरला, हे तो न विचारता सांगतो म्हणून.

यासाठी कोणत्याही योजनेचे स्वागत करताना नागरिकांनी चार साधे प्रश्न विचारावेत. हा आधार किती वर्षांसाठी आहे? त्याच्या बदल्यात दर्जा, रोजगार व संशोधन यांबाबत उद्योगाने कोणते वचन दिले आहे? त्याचा भार कोणावर पडतो आणि त्यात छोटा उत्पादक चिरडला जात नाही ना? आणि वचन पाळले गेले किंवा नाही, याचा हिशेब कोठे व केव्हा जाहीर होणार? हे प्रश्न विचारणारा स्वदेशीचा शत्रू नसतो. वार्षिक सभेत उभा राहून ताळेबंदातील एखाद्या रकमेविषयी विचारणारा सभासद हा संस्थेचा सर्वांत जवळचा हितचिंतक असतो, हे या सभागृहाला वेगळे सांगावयास नको.

ग्राहकाचेही एक कर्तव्य आहे. देशी वस्तू दर्जाने बरोबरीची आणि किमतीने थोडीशीच अधिक असेल, तर तो फरक त्याने पैसा फंडातील पैशाप्रमाणे समजून-उमजून द्यावा. वस्तू हिणकस असेल तर ती नाकारावी, आणि का नाकारली हे दुकानदाराला सांगावे. पिशवीतला कौल मुका असतो. त्याला वाचा फुटली की तो कारखान्यापर्यंत पोहोचतो.

तळेगावच्या काच कारखान्यासाठी ज्यांनी वर्षाचा एक पैसा दिला, त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. त्यांनी दिलेला पैसा लहान होता. पण तो आपला आहे, याची जाणीव त्यांना होती. आजचा नागरिक त्याहून कितीतरी मोठी रक्कम नकळत देत आहे. तो देतो आहे याची जाणीव ज्या दिवशी त्याला होईल, त्या दिवशी तो आधार देण्यास कचरणार नाही आणि हिशेब मागण्यासही संकोचणार नाही.